उबवणी केंद्रात नेमकं मिळतं काय?

आपल्या मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक प्रश्न हमखास येतो. कुणाचा तरी भाचा, पुतण्या किंवा मैत्रिणीचा मुलगा पुण्यातली चांगली नोकरी सोडून काहीतरी ‘अॅपचं’ करतोय. त्याला नेदरलँड्सला यायचंय, आणि इथल्या कुठल्याशा इन्क्युबेटरनं त्याला बोलावलंय. मग पुढचे प्रश्न: ते पैसे देतात का? व्हिसा देतात का? मुलाला फसवणार तर नाहीत ना? उत्तरं येतात तीही ठरलेली. एक जण ‘खूप छान संधी’ म्हणतो, दुसरा ‘जपून’ म्हणतो, आणि तेवढ्यात कुणीतरी गणपतीच्या वर्गणीची आठवण करून देतो. प्रश्न तिथेच राहतो.

मी गेली काही वर्षं एन्स्खेडेत राहते. ॲमस्टरडॅमकडच्या मंडळींना हे गाव माहीत असतं ते जर्मनीची हद्द लागायच्या आधीचं शेवटचं म्हणून. पण उबवणी केंद्रांची गोष्ट सांगायला नेदरलँड्समध्ये याहून चांगलं गाव नाही. इथे येण्याआधी मी इचलकरंजीत अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवत होते, त्यामुळे यंत्रमागाच्या गावातून गिरण्यांच्या गावात आले असंच मला वाटतं. या दोन गावांच्या आधारानंच हा विषय मांडते.

आधी शब्द. इन्क्युबेटर हा शब्द उद्योगाला चिकटला तो खऱ्याखुऱ्या कोंबड्यांमुळे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बटेव्हिया या छोट्या गावात मॅसी-हॅरिस या शेती-अवजारांच्या कंपनीचा प्रचंड कारखाना बंद पडला आणि गावातली माणसं बेकार झाली. मानकुसो नावाच्या स्थानिक कुटुंबानं ती इमारत घेतली. पण एवढी मोठी जागा घेणारा एकच भाडेकरू कुठून मिळणार? म्हणून १९५९ मध्ये जोसेफ मानकुसो यांनी तिचे तुकडे करून लहान लहान धंद्यांना द्यायला सुरुवात केली. त्यातला एक भाडेकरू कोंबडीची पिल्लं उबवणारा होता. पाहुण्यांना इमारत दाखवताना मानकुसो गमतीनं तिला इन्क्युबेटर म्हणू लागले, आणि तेच नाव जगभर गेलं. आणखी एक गंमत म्हणजे बटेव्हिया हे नाव त्या गावाला दिलं होतं डच पैशावर चालणाऱ्या जमीन-कंपनीनं.

नाव नवीन असलं तरी रीत जुनी आहे, आणि ती आपल्याला परकी नाही. १९०४ मध्ये इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हा त्यांच्या पाठीशी जहागीरदार बाबासाहेब घोरपडे उभे होते. बेळगावातून कारखाना हलवायची पाळी आलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० मध्ये औंधच्या संस्थानिकांनी कुंडलजवळ माळरानाची जागा आणि कर्जाऊ रक्कम दिली. त्या माळाची पुढे किर्लोस्करवाडी झाली. आमच्या ट्वेन्टे भागातही तेच. १८३३ मध्ये इथून जवळच्या गोर गावात थॉमस एन्सवर्थ या इंग्रज माणसाच्या देखरेखीखाली विणकामाची शाळा निघाली. धावत्या धोट्याचा माग चालवायला शेतकऱ्यांच्या मुलामुलींना तिथे शिकवलं जाई, आणि कापड जाई डचांच्या ताब्यातल्या जावा बेटाकडे. जागा, थोडे पैसे आणि शिकवणारा माणूस या तिन्ही गोष्टी तेव्हाही लागत होत्या.

त्या कापडावर एन्स्खेडे शंभर-सव्वाशे वर्षं जगलं. गिरण्यांना माणसं कमी पडू लागली तेव्हा १९६० च्या दशकात तुर्कस्तानातून कामगार आणले. आणि मग आशियातलं स्वस्त कापड आलं आणि एकेक गिरणी बंद पडत गेली. मुंबईचा १९८२ चा संप आणि गिरणगावाचं पुढे काय झालं हे आपल्याकडच्या मागच्या पिढीनं डोळ्यांनी पाहिलंय. इथे संप नव्हता, पण शेवट तोच. यान्निंक कुटुंबाच्या जुन्या गिरणीच्या इमारतीत आज लोक फ्लॅट घेऊन राहतात. लोअर परळला फिरलेल्या माणसाला ते दृश्य समजावून सांगावं लागत नाही.

फरक पडला तो विद्यापीठामुळे. १९६१ मध्ये सरकारनं देशातलं तिसरं तंत्रविद्यापीठ मुद्दाम या मागे पडत चाललेल्या भागात काढलं. १९८० च्या आसपास तिथे हॅरी फान डेन क्रोनेनबर्ख नावाचे रेक्टर होते. त्यांचं म्हणणं असं की गिरण्या गेल्या, मोठे कारखाने येणार नाहीत, तर आपल्या विद्यार्थ्यांनीच धंदे काढले पाहिजेत. तेव्हाच्या प्राध्यापकांत हा विचार काही फार लोकप्रिय नव्हता. विद्यापीठानं दुकानदारी करू नये असं वाटणारे इथेही होते. तरी १९८२ मध्ये विद्यापीठाच्या शेजारी व्यवसाय-तंत्रज्ञान केंद्राची इमारत उभी राहिली, आणि १९८४ मध्ये ‘टॉप’ नावाची योजना सुरू झाली. डच नावाचा अर्थ होतो तात्पुरत्या उद्योजक-जागा. एक वर्षाची मुदत, विद्यापीठातल्याच एखाद्या संशोधन-गटात बसायला टेबल, प्रयोगशाळा वापरायची मुभा, शास्त्र सांगणारा एक आणि धंदा सांगणारा एक असे दोन मार्गदर्शक, आणि पोटापाण्यापुरता आधार, जो पुढे बिनव्याजी कर्जाच्या रूपात मिळू लागला. त्यातून पुढच्या काळात शेकड्यांनी लहान कंपन्या निघाल्या. बहुतेकांची नावं तुम्ही-आम्ही कधी ऐकणार नाही. कुणी मोजमापाची यंत्रं करतं, कुणी पाणी गाळायचे पडदे.

या योजनेत मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो ‘तात्पुरत्या’ हा शब्द. एका वर्षानं जागा सोडायचीच. जमलं तर बाहेर पडा, नाही जमलं तर नोकरी शोधा, कुणी बोट दाखवणार नाही. आपल्याकडे धंदा बुडाला तर घर, दागिने आणि अब्रू तिन्ही बुडतात, म्हणून तर आपले आईवडील नोकरी नोकरी करतात. न बुडता हरायची एक वर्षाची सोय म्हणजे उबवणी केंद्र, असं मी वर्गात असते तर फळ्यावर लिहिलं असतं.

आता इंटरनेट. ट्वेन्टे विद्यापीठाशी नातं सांगणाऱ्या दोन कंपन्या तुमच्या सगळ्यांच्या फोनमध्ये आहेत. तिथेच शिकलेल्या खेर्ट-यान ब्राउन्स्मा यांनी १९९६ मध्ये एन्स्खेडेत हॉटेलं आरक्षित करायची वेबसाइट काढली, तीच आजची बुकिंग डॉट कॉम. २००५ मध्ये एका अमेरिकन कंपनीनं ती सुमारे १३ कोटी ३० लाख डॉलरना विकत घेतली. आणि २००० मध्ये यिट्से ग्रून या विद्यार्थ्यानं थाउसबेझोर्ग्ड सुरू केली, ज्याच्या नारिंगी जाकिटातली पोरं आपल्याकडे पिझ्झा घेऊन येतात. पण या दोघांचं यश सरसकट उबवणी केंद्रांच्या खात्यावर लिहिणं मला पटत नाही. ग्रून यांनी खिशातल्या थोड्याशा पैशांवर सुरुवात केली आणि बाहेरची मोठी गुंतवणूक घेतली ती थेट २०१२ मध्ये. दोन्ही कंपन्यांचं मुख्य ठाणं आता ॲमस्टरडॅमला आहे.

इथेच केंद्रांची पंचाईत सुरू झाली. पाण्याचा पडदा करणाऱ्याला प्रयोगशाळा लागते. वेबसाइट करणाऱ्याला काय लागतं? एक संगणक आणि एक फोनची तार. त्याला जागा देऊन उपकार केल्यासारखं होत नाही. शिवाय प्रयोगशाळेतल्या शोधाला एक-दोन वर्षांनी काही बिघडत नाही, पण वेबसाइट सहा महिने उशिरा आली तर दुसऱ्या कुणीतरी तीच आणलेली असते. म्हणजे केंद्रांकडे जे द्यायला होतं ते या मुलांना नको होतं.

मग पैसा द्यायची लाट आली. अमेरिकेत बिल ग्रॉस यांची आयडियालॅब १९९६ मध्ये निघाली. तिथे एका छपराखाली एकामागून एक इंटरनेट कंपन्या काढल्या जायच्या. इथे सरकारनं १९९८ मध्ये ‘ट्विनिंग’ नावाची योजना आणली. तिचा चेहरा होते फिलिप्समधले रूल पीपर, आणि योजनेत तरुण संगणक-कंपन्यांसाठी इमारती होत्या तसाच गुंतवणुकीचा निधीही होता. खाजगी मंडळीही उतरली. जनमत चाचण्यांसाठी प्रसिद्ध असलेले मॉरिस दे होंड यांची न्यूकॉनॉमी २००० मध्ये चक्क शेअर बाजारात आली. ॲमस्टरडॅममध्ये गोरिलापार्क नावाचं एक केंद्र होतं. त्याच वर्षी मार्चमध्ये वर्ल्ड ऑनलाइनचा शेअर ४३ युरोंना विकला गेला आणि घसरत सुटला, ते प्रकरण इथले जुने डच शेजारी अजून तावातावानं सांगतात. त्यानंतर इंटरनेटला पैसे द्यायला कुणी तयार होईना, आणि ही उबवणी केंद्रंही आपल्या पिल्लांबरोबर गारठली.

ती का गारठली हे समजून घेण्यासारखं आहे, कारण आजही कुणी केंद्र निवडताना हीच गोष्ट पाहावी. जे केंद्र स्वतःच शेअर बाजारात आहे, त्याला दर तीन महिन्यांनी काहीतरी दाखवावं लागतं. अंडं फुटायच्या आधीच पिल्लू झालं म्हणून सांगावं लागतं. केंद्राचा खरा माल मग त्यातल्या कंपन्या राहत नाहीत, केंद्राचा स्वतःचा शेअर हाच माल होतो. औंधच्या संस्थानिकांना किर्लोस्करांचा नांगर पुढच्या तिमाहीत खपायची घाई नव्हती.

या पडझडीनंतरची केंद्रं वेगळी आहेत. डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठाचं ‘येस डेल्फ्ट’ २००५ मध्ये निघालं, उत्रेख्तचं २००९ मध्ये. २००५ मध्येच अमेरिकेत वाय कॉम्बिनेटरनं तीन महिन्यांचा वर्ग ही नवी पद्धत पाडली: एका वेळी अनेक चमू घ्यायचे, प्रत्येकाला थोडे पैसे द्यायचे, बदल्यात कंपनीचा थोडा हिस्सा घ्यायचा, आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांना गुंतवणूकदारांपुढे उभं करायचं. याला ॲक्सिलरेटर म्हणतात. ॲमस्टरडॅममध्ये ऑस्कर क्नेपर्स यांनी २०११ मध्ये सुरू केलेलं रॉकस्टार्ट हे त्याच वळणाचं. इथे जागा हा मुद्दाच उरला नाही. पैसेही बेताचेच. द्यायचं काय, तर माणसं: ज्यांनी आधी कंपनी काढून विकली किंवा बुडवली आहे, ज्यांच्या एका फोनवर मोठ्या कंपनीतला खरेदी-अधिकारी भेटतो, अशी.

पण तीही पद्धत अशीच्या अशी टिकली नाही. वेबसाइट आणि अॅप काढणाऱ्यांची गर्दी झाली, तेव्हा रॉकस्टार्टनं ऊर्जा आणि अन्न-शेतीसारखे ठरावीक विषय धरले. आइंडहोव्हनच्या हायटेक कॅम्पसवरच्या हायटेक-एक्सएलनं तर उलटाच रस्ता धरला. आधी ते बाहेरून आलेल्या तयार चमूंना घेत असत. नंतर त्यांनी ठरवलं की आपण शोध आणायचे, सर्न किंवा युरोपियन अंतराळ संस्थेसारख्या ठिकाणी कपाटात पडलेले, आणि त्यांच्याभोवती माणसं गोळा करायची. म्हणजे पत्रिका आधी, मुलगा-मुलगी नंतर. आमच्या एन्स्खेडेतही विद्यापीठ, सॅक्सियन कॉलेज आणि स्थानिक सरकारं मिळून चालवतात ती संस्था आता नोव्हेल-टी या नावानं काम करते, आणि तिच्याकडे जाणाऱ्यानं विद्यापीठातलाच असायला हवं असं नाही. भारतातही हे लोण आहेच: मुंबईच्या आयआयटीत २००४ पासून ‘साइन’ आहे, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात २००७ पासून व्हेंचर सेंटर. त्यामुळे भाच्याला पहिला सल्ला मी हाच देईन की आधी पाषाण रोडवर जाऊन ये, मग विमानाचं तिकीट काढ.

व्हिसाचं थोडक्यात सांगते. १ जानेवारी २०१५ पासून नेदरलँड्समध्ये स्टार्टअपसाठी वेगळा राहण्याचा परवाना आहे. तो एकाच वर्षाचा असतो आणि वाढवून मिळत नाही. वर्षानंतर स्वतंत्र व्यावसायिकाचा परवाना मागावा लागतो, आणि त्या वेळी तुमच्या मार्गदर्शकाचं मत विचारात घेतलं जातं. मार्गदर्शक ही या परवान्याची मुख्य अट. सरकारी यादीतली कुठलीतरी अनुभवी संस्था किंवा व्यक्ती, बहुतेक वेळा एखादं उबवणी केंद्र, तुमच्याबरोबर करार करते. कल्पना नवी हवी, टप्प्याटप्प्याचा आराखडा हवा, व्यापार नोंदणी हवी, आणि वर्षभर पोट भरेल एवढी सोय दाखवावी लागते. व्हिसा केंद्र देत नाही, सरकार देतं. पण मार्गदर्शकाशिवाय तो मिळत नाही. आणि हा मार्गदर्शक जवळचा नातेवाईक चालत नाही. सख्खे काका, मामाही नाहीत. ग्रुपवरच्या दोघा-तिघा उत्साही मामांसाठी हे मुद्दाम लिहिलं.

सही करण्याआधी पाहायची गोष्ट एकच: हिस्सा. वर्गासाठी सहा-आठ टक्के मागणारे आहेत, काहीच न मागणारे विद्यापीठातले आहेत, आणि दर महिन्याला फी घेणारेही आहेत. सहा टक्के ऐकायला कमी वाटतात. पण कंपनी तीनदा आणखी गुंतवणूक घेते तेव्हा उरतं किती, हे आधी कागदावर मांडून पाहावं. बारावीचं गणित पुरतं.

आता ज्यांना व्हिसाचा प्रश्नच नाही त्यांच्याकडे वळते, कारण आपल्या मंडळात त्याच जास्त आहेत. नवरा ‘केनिसमिग्रांट’ म्हणून आला, आपण मागोमाग आलो. आपल्या कार्डाच्या मागे लिहिलेलं असतं की काम करायला मोकळीक आहे. मोकळीक आहे, पण ओळख कुणाची नाही, डच येत नाही, आणि आपल्या पदव्यांकडे इथे कुणी फारसं पाहत नाही. बीएड, एमए, सीए, दंतवैद्य, सगळ्या दुपारी तीनला शाळेच्या फाटकाशी उभ्या असतात.

त्यातलीच माझी एक मैत्रीण. तिला विचारून लिहितेय, नाव मात्र तिला नकोय. तिनं नवऱ्याच्या मदतीनं एक वेबसाइट काढली होती: नेदरलँड्सभर घरी फराळ करून देणाऱ्या बायकांची यादी, तिथूनच मागवायचं, तिथेच पैसे भरायचे. दिवाळीला ऑर्डरी आल्या. जानेवारीत एकही नाही. मग एका उबवणी केंद्राच्या दहा आठवड्यांच्या वर्गाला तिनं अर्ज केला आणि तिला घेतलं.

पहिल्या आठवड्यात तिला संगणक उघडूच दिला नाही. मार्गदर्शक होते अन्नप्रक्रिया उद्योगातून निवृत्त झालेले एक डच गृहस्थ. त्यांनी सांगितलं, वीस जणांशी बोल: दहा विकत घेणारे, दहा करून विकणारे. आपल्या वेबसाइटचा उल्लेख करायचा नाही. आवडेल का असं विचारायचं नाही, कारण लोक चांगुलपणानं हो म्हणतात. फक्त विचारायचं, मागच्या वेळी तुम्ही काय केलंत? ती चार दिवस रागावली होती. मग फोन करायला लागली.

घेणाऱ्यांनी जे सांगितलं ते तिला आवडण्यासारखं नव्हतं. प्रत्येकीची एक ठरलेली काकू होती, व्हॉट्सअॅपवर एक निरोप टाकला की काम होतं. वेबसाइटची गरज कुणालाच नव्हती. करून विकणाऱ्यांचं दुखणं मात्र वेगळंच निघालं. एखाद्या ऑफिसनं पन्नास डबे मागवले किंवा एखादं दुकान फराळ ठेवायला तयार झालं की ते विचारतात, लेबल कुठाय? युरोपात ॲलर्जी होऊ शकणाऱ्या चौदा गोष्टींची यादी आहे, आणि पाकीटबंद पदार्थात त्यातलं जे असेल ते घटकांमध्ये उठून दिसेल असं छापावं लागतं, तेही डच भाषेत. आपलं फराळाचं ताट घ्या: करंजीत गव्हातलं ग्लूटेन, लाडवात दूध आणि काजू, चिवड्यात शेंगदाणे आणि फोडणीची मोहरी, चकलीत तीळ. चौदातल्या सहा एकाच ताटात! दहापैकी सात जणींनी केवळ या कारणानं मोठी ऑर्डर सोडून दिली होती.

तिनं वेबसाइट बंद केली. ते सोपं नव्हतं. मुलं झोपल्यावर जागून केलेलं काम होतं ते. नवऱ्याशी चार दिवस अबोला झाला, कारण कोड त्यानं लिहिला होता. केंद्रातल्या लोकांनी बंद कर असं एकदाही म्हटलं नाही, तिच्याच वहीतले वीस जबाब तिच्यापुढे ठेवले. नवं जे केलं ते अगदी छोटं आहे: इंटरनेटवर आपली पाककृती प्रमाणासकट भरायची, की डचमध्ये नियमाप्रमाणे लेबल तयार होतं. महिन्याला थोडीशी फी.

केंद्रानं तिला पैसे दिले नाहीत. एक टेबल दिलं होतं, ते ती फारसं वापरायची नाही. पण मार्गदर्शकांनी तीन फोन केले. एकामुळे लेबलांचे नियम तपासून देणारी व्यक्ती मिळाली. दुसऱ्यामुळे हेगमधलं एक सुरिनामी रोटीचं स्वयंपाकघर. तिसरा फोन लागला एन्स्खेडेतल्याच एका तुर्की बेकरीला. मालकाचे आजोबा गिरणीत काम करायला इथे आले होते, नातू आता बकलावा सुपरमार्केटला पुरवू पाहतोय. त्याला पिस्त्याचं लेबल हवं होतं, त्याच्या आईला मात्र सगळं तुर्कीत वाचायचं होतं.

आपल्या फराळवाल्या काकूंपैकी आतापर्यंत चार जणींनी हे घेतलंय. बाकीच्या म्हणतात, आमचं व्हॉट्सअॅप बरं आहे. तुर्की भाषा मात्र तिनं मार्चमध्ये घातली, आणि आता त्याच बाजारपेठेतले आणखी दोन बेकरीवाले तिला विचारतायत की अरबीत कधी येणार.